भिंतीतून निघालेलं घर

जुन्या इमारतींच्या समितीवर माणसं पाच होती, पण गाव ओळखायचं ते एकालाच. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. बाकी सगळे तिला उंबरठाबाई म्हणत. त्याला कारण तिची पद्धत. जुनं घर पाडायचं तर आधी समितीची परवानगी लागे, आणि परवानगीच्या आधी बाईंची पाहणी. पाहणी आटोपून बाई निघाल्या की उंबरठ्यावर थांबत, मालकाकडे वळत आणि तोंडावर निकाल सांगत. ठेवायचं, नाहीतर पाडा. कागद मागाहून येई. "निकाल पाठीमागून सांगायला मी काय चहाडखोर आहे?" असं त्यांचं म्हणणं. या निकालांवर कुणी रडलं होतं, कुणी शिव्या घातल्या होत्या, आणि एका सद्गृहस्थाने तर कुत्रं सोडलं होतं. बाईंनी कुत्र्यालाही निकाल बदलून दिला नाही.

आणखी एक नियम त्या कसोशीने पाळत. घर आधी बघायचं, माणसांचं मागाहून ऐकायचं. आपल्या घराबद्दल बोलणारा मालक आणि आपल्या लेकराबद्दल बोलणारी आई, दोघांचं निम्मंच धरावं, असा त्यांचा हिशेब होता. बघायची सुरुवात छपरापासून, कारण घर पुढून नटलेलं असतं, वरून नसतं. या पद्धतीने बाई सहसा चुकत नसत. लोक तसं म्हणत, आणि बाई ते खोडून काढायच्या भानगडीत पडत नसत.

कोपऱ्यावरच्या दुमजली घराचं प्रकरण त्यांच्याकडे आलं ते भावाबहिणीच्या भांडणातून. भाऊ दादा, औषधांच्या दुकानाचा मालक. दुकानाच्या माळ्यावर राहायचा आणि हे घर पाडून तिथे दोन नवी घरं बांधायची म्हणायचा, एक त्याला, एक बहिणीला. पाडायचं यंत्रही त्याने ठरवून टाकलं होतं. बहीण छोटी. साठीला आली होती, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाली होती, तिचा आवाज अजून मैदान ओलांडून जायचा. पण घरात ती छोटीच. ती एकटी या घरात राहत होती आणि तिने समितीला कळवलं होतं की हे गावातलं सगळ्यांत जुनं घर आहे, त्याला हात लावाल तर याद राखा. घर दोघांच्या नावावर होतं. समितीने 'ठेवायचं' म्हटलं की दादाचं यंत्र परत जाणार, 'पाडा' म्हटलं की पुढच्या महिन्यात छोटी सामान बांधणार. मधला रस्ता नव्हता.

बाई पोचल्या तेव्हा छोटी फाटकातच उभी होती. आणि इथे, पहिल्या पावलालाच, बाईंचा तोल गेला. समोरचं दार असं होतं की बघणाऱ्याने आधी चष्मा पुसावा. शिसवीचं, पुरुषभर उंच, चौकटीवर वेलबुट्टी, आणि हातांनी घासून घासून कडा लोण्यासारख्या मऊ झालेल्या. दोन्ही बाजूंना नक्षीचे खांब. बाईंचं वय, अनुभव, नियम, सगळं क्षणभर बाजूला पडलं.

"सव्वाशे वर्षं," त्या बोलून गेल्या. "दोन-पाच इकडेतिकडे."

"ऐकलंस?" छोटी मागे वळून ओरडली. "ऐकलंस का दादा? मी काय सांगत होते?" तिने बाईंचे दोन्ही हात धरले आणि इतक्या जोरात हलवले की बाईंच्या पिशवीतली टेप खाली पडली.

दादा ओसरीत उभा होता. त्याने टेप उचलून दिली आणि हसला. बाईंना ते हसणं खटकलं. ज्याचा बेत फिसकटायला निघालाय त्याचा चेहरा पडायला हवा. हा तर असा हसत होता, जसं काही दुकानात येऊन कुणी सर्दीवर रामबाण उपाय सांगतोय आणि तो सौजन्य म्हणून ऐकून घेतोय.

बाई शिडीने माळ्यावर गेल्या. कौलांखालचे वासे बघितले. यंत्रावर कापलेले, सगळे एका मापाचे. ठीक आहे, छप्पर कुणीही बदलतं. मग त्या वरच्या खोलीत आल्या. विजेच्या बटणांचं एक झाकण निघालेलं होतं, त्यातून त्यांनी भिंतीच्या आत बॅटरी मारली. चुना दिसायला हवा होता. दिसलं सिमेंट, आणि कारखान्यातली वीट. बाईंनी बॅटरी बंद केली, परत लावली. वीट तीच होती.

मग त्यांनी दुसरी भिंत बघितली, तिसरी बघितली. जिन्याशी आल्या. कठड्याचे दांडे एकाआड एक जाड-बारीक होते. लांबून ती सुतारकामातली हौस वाटे, जवळून कळे की दोन वेगळ्या कठड्यांतले दांडे एकत्र बसवलेत. खालच्या खोलीतल्या रंगीत फरशीची किनार भिंतीखाली अर्धी कापून गेली होती. कुठलाही कारागीर स्वतः घातलेल्या फरशीची अशी मान कापत नाही. दुसऱ्या मोठ्या खोलीतली फरशी लहान खोलीत बसवली की असं होतं. ओसरीतल्या खांबांकडे बाईंनी आता पाठीमागून बघितलं. एकावरची पानं वर जात होती, दुसऱ्यावरची खाली येत होती, आणि बुटक्या खांबाखाली उंची जुळवायला दगडाची चकती सरकवलेली होती. शेवटी त्या दाराशी आल्या. चौकट भिंतीतल्या भोकाला लहान पडली होती म्हणून एका अंगाला लाकडाची पट्टी ठोकलेली. पट्टीला रंग इतका बेमालूम दिलेला की ज्याने दिला त्याला बाईंनी मनातल्या मनात नमस्कार केला, आणि मग स्वतःला चार शब्द सुनावले.

घर पासष्ट वर्षांपेक्षा एक दिवस जुनं नव्हतं. जुन्या होत्या त्या त्यातल्या वस्तू. आणि त्या एका घरच्या नव्हत्या, दहा-वीस घरच्या होत्या. म्हणजे या बाईने, जिला गाव चुकत नाही म्हणतं, फाटकात उभं राहून एका साठीच्या मुलीला सव्वाशे वर्षं देऊन टाकली होती. तोंडघशी पडायची बाईंना सवय नव्हती. सवय नसलेली गोष्ट लागते जरा जास्त.

"या, चहा झालाय," छोटीने हाक मारली. "आता ऐकायची वेळ ना? तुमचा नियम माहितीय मला."

टेबलावर चहा आणि बिस्किटं होती. दादा एक बिस्कीट हातात घेऊन त्यावरची नक्षी तपासत बसला होता. छोटी उभ्यानेच बोलायला लागली, वर्गाला सांगावं तशी.

"आमचे बाबा घरं पाडायचं काम करायचे. घणवाले म्हणायचे त्यांना सगळे. अर्ध्या गावावर त्यांचा घण पडलाय. पण स्वतःचं घर त्यांनी पाडलं नाही, उघडं केलं. कळलं का? हे घर आमच्या खापरपणजोबांचं. मधल्या काळात कुणीतरी अडाण्याने सगळ्यावर गिलावा थापला होता. मी लहान होते तेव्हा हे अगदी साधं दिसायचं, पांढऱ्या भिंती, पत्र्याचं दार. बाबा म्हणाले, छोटे, आत खरं घर आहे, मी ते हळूहळू बाहेर काढतो. आणि काढलं. सुट्टीत मी मावशीकडे जायचे, परत आले की बाबा फाटकातच सांगायचे, चल बघायला, आज भिंतीतून खांब निघाला. कधी खिडकी निघायची, कधी जिन्याचा कठडा. कितीतरी वर्षं निघत होतं. मी नोकरीला लागल्यावर दरवर्षी सहावीचा वर्ग घेऊन यायचे इथे. पोरांना सांगायचे, बघा, तुमच्या भिंतींतही काही असेल, नीट जपून खणा."

तिने चहाचा घोट घेतला. "म्हणून म्हणते, हे पाडणं म्हणजे बाबांनी आयुष्यभर जे बाहेर काढलं ते परत गाडणं. बघितलंत ना सगळं?"

"बघितलं," बाई म्हणाल्या. छोटीच्या तोंडावरच्या त्या विश्वासाकडे त्यांना बघवेना. त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने बिस्कीट न खाता बशीत ठेवलं.

"मॅडम, मागची भिंत दाखवतो," तो म्हणाला. "ओल आलीय तिला."

मागच्या अंगणात ओलीबिलीचा विषय निघालाच नाही.

"कळलं तुम्हाला," दादा म्हणाला.

"वीट बघितल्यावर कळलं. तुम्हाला कधीपासून माहितीय?"

"मला माहीत असायचा प्रश्न नाही. हे खांब आणताना वरचं टोक बाबा धरायचे, खालचं मी. खांद्याला घट्टे आहेत अजून." तो परत हसला, पण या वेळी सौजन्य म्हणून नव्हे. "ती लहान असताना एकदा शाळेतून रडत आली. बाबांनी समजूत काढायला एक थाप मारली. थाप मारून माणूस गप्प बसतो, आमचे बाबा ती खरी करत बसले. ज्या घरावर घण घालायचे त्यातलं एक काहीतरी उचलून आणायचे. मालक देऊन टाकायचे, कुणाला हवी होती जुनी लाकडं? छोटी मावशीकडे गेली की आम्ही बसवायचो."

"आणि तुम्ही इतकी वर्षं मूग गिळून बसलात."

"बाबांना शब्द दिला होता. आता ते नाहीत, पण शब्द आहे ना." दादाने खिशातून हात काढले. "म्हणून तर पाडायचं म्हणतोय. दोन घरांची हौस नाही मला, माळ्यावर मजेत आहे मी. पण एक ना एक दिवस कुणीतरी शिकलेला माणूस येणार, भिंतीत बॅटरी मारणार आणि तिच्यासमोर सांगणार. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर सांगणार. त्याआधी हे गेलेलं बरं. जुनं घर पडलं म्हणून रडेल, पण बाबांनी फसवलं म्हणून तरी नाही रडणार."

"तो शिकलेला माणूस आलाय," बाई म्हणाल्या.

"म्हणून हात जोडतो. 'पाडा' म्हणा आणि निघा. कारण नका सांगू."

बाईंना त्याचा राग आला आणि त्याच्याविषयी माया वाटली, दोन्ही एकदम. "कारण सभेत वाचतात," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर, मोठ्याने. मी लिहिणार काय? घर सव्वाशे वर्षांचं आहे, तरी पाडा? का खोटं आहे, म्हणून पाडा? तुमची बहीण पहिल्या रांगेत बसलेली असेल आणि तिचा आवाज तुम्हाला माहितीय."

दादाच्या बेतात सभा आलीच नव्हती. औषधांच्या दुकानात बसून माणूस फक्त एका गिऱ्हाइकाचा विचार करतो.

बाई अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसल्या. नियम सरळ होता. शंभर वर्षांच्या आतलं घर समितीच्या कक्षेत येत नाही. त्याला एकच अपवाद ठेवलेला, गावाच्या आठवणीचं असं काही त्या घरात असेल तर. हा अपवाद बाईंनी कधी वापरला नव्हता, कारण जो तो हाच घेऊन यायचा. आमच्या आजोबांनी इथे पहिला रेडिओ वाजवला, आमच्या आत्याचं लग्न इथे ठरलं. बाई अशांना पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावत. पण आता त्यांना दिसत होतं ते निराळंच होतं. समिती निघायच्या आधी या गावातली निम्मी जुनी घरं गेली होती. बाईंच्या कचेरीत त्यांतल्या काहींची छायाचित्रं होती, काहींची नव्हतीच. ज्या माणसाने ती पाडली, त्यानेच प्रत्येकाचा एकेक तुकडा राखला होता. गावाने राखला नव्हता, मालकांनी राखला नव्हता, समितीचा तर तेव्हा जन्म व्हायचा होता. घणवाल्याने राखला, आणि तोही एका मुलीचे डोळे पुसायला. यापेक्षा जास्त गावाच्या आठवणीचं काय असणार होतं? बाईंची खात्री पटली. एकदा खात्री पटली की त्या धुण्याच्या दगडावर बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या.

"मी तिला सांगणार आहे," त्या उठत म्हणाल्या.

"मॅडम, नका."

"तुम्ही म्हणता तसं 'पाडा' म्हणायचं तर खोटं बोलावं लागेल, 'ठेवायचं' म्हणायचं तर खरं. मला खोटं चांगलं जमत नाही. फाटकात एकदा बोलून बघितलं, बघा काय झालं."

छोटी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून पायांत मोजे चढवत होती. संध्याकाळी ती फिरायला जायची, निकालाबिकालाने तिच्या नेमात फरक पडत नव्हता. बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. उंबरठ्यापर्यंत जायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मी मघाशी सव्वाशे म्हणाले," बाईंनी सुरुवात केली. "चुकले. दार तेवढं जुनं आहे. घर नाही. हे घर तुमच्या बाबांनी बांधलं, तुमच्या जन्माच्या सुमाराला, साध्या विटांचं. भिंतीतून काही निघालं नाही. हे सगळं बाहेरून आणून बसवलंय."

"तुम्ही आत्ता चुकताय," छोटी शांतपणे म्हणाली. "मघाशी बरोबर होतात."

बाईंनी छोटीला दाराशी नेलं आणि चौकटीच्या अंगाची पट्टी दाखवली. नखाने रंगाची कड उचलली. छोटीने तिथे बोट लावलं, मग पट्टीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग बाईंनी खांबाखालची चकती दाखवली, फरशीची कापलेली किनार दाखवली. हे घर तिने आयुष्यभर पुसलं होतं, त्यातला कोपरान्‌कोपरा तिच्या हातांखालून गेला होता. किनार भिंतीत अर्धी गेलेली तिने हजारदा बघितली असणार. तिला ती तशीच असते असं वाटत आलं होतं.

ती परत पायरीवर येऊन बसली. एक मोजा अजून हातातच होता.

"मी मावशीकडे असतानाच कसं काय निघायचं सगळं," ती म्हणाली, "हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. पोरांना मी शिकवायचे की पंचाची नजर कशी पाहिजे." तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, मोठ्याने, आडपडदा न ठेवता. बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. त्यांनी घेतलंही.

जरा वेळाने छोटीने मोज्यानेच डोळे पुसले आणि भावाकडे बघितलं. "तुला माहीत होतं."

"मी पायाकडून धरायचो," दादा म्हणाला.

"आणि मला सगळ्या गावासमोर बोलू दिलंस. दरवर्षी. सहावीच्या वर्गाला."

"ऐकायला यायचो ना मी. शेवटच्या रांगेत उभा राहून. बाबाही यायचे." दादाने स्वतःच्या कुशीला हात लावला. "तू खांबाचं सांगायला लागलीस की ते माझ्या बरगडीत कोपर मारायचे."

छोटी रागावलेली होती, आणि रागावलेली असतानाही तिला ते दोघे शेवटच्या रांगेत दिसत होते, हे तिच्या तोंडावर कळत होतं.

बाईंनी घसा खाकरला. "आता माझं ऐका. वयावर हे घर राहत नाही. पण गावातल्या पडलेल्या घरांचं जे काही शिल्लक आहे ते इथे आहे, बाकी कुठेही नाही. त्या मुद्द्यावर मी ते ठेवू शकते, आणि समितीतल्या चौघांना गप्प बसवणं माझ्याकडे लागलं. घोडं एकाच ठिकाणी अडतं. कुठली वस्तू कुठल्या घरची हे सांगता आलं पाहिजे. सांगता आलं तर हे गावाचं घर. नाही आलं तर जुन्या लाकडांची वखार, आणि वखार वाचवायला मी भांडणार नाही. मला स्वतःला ते ओळखता येत नाही. तुमच्या बाबांनी कुठे लिहून ठेवलंय का?"

"बाबा सहीपुरतं लिहायचे," दादा म्हणाला.

"मग ते एकाच माणसाच्या डोक्यात आहे."

दादाच्या हातात आता सगळंच आलं होतं. त्याने नुसतं तोंड मिटून घेतलं असतं तरी यंत्र यायचं ते येणारच होतं. इतकी वर्षं अळीमिळी गुपचिळी केलेल्या माणसाला आणखी थोडी जड जाणार नव्हती.

"तुझ्यावर जबरदस्ती नाही दादा," छोटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "सुट्टीत मी मावशीकडे पोहायला शिकत होते आणि तू इथे दगड उचलत होतास. तुला हे घर नको वाटत असेल तर मी समजू शकते. पाडायचं तर पाड. मी नवीन घरात राहीन."

"घर नको कुठे म्हणालो? तुला कळू नये एवढंच होतं." दादा कठड्याला धरून उभा होता. "आणि ते तर आता या मॅडमनी कळवून ठेवलंय."

"मग सांग. पहिलं काय आणलं बाबांनी?"

दादाने कठड्याच्या दांड्यांवरून हात फिरवला. मग तो वळला आणि छोटीच्या झोपायच्या खोलीत गेला. दोघी त्याच्या मागोमाग गेल्या. तिच्या पलंगाच्या उशाशी एक बुटकी खिडकी होती, दोन झडपांची, वर अर्धगोल निळी काच. पाहणीत बाईंनी तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. दाराखांबांपुढे ती काहीच नव्हती.

"ही," तो म्हणाला. "तू पहिलीत होतीस. तुझ्या वर्गात एक मुलगी होती, शिवणकाम करणाऱ्या बाईंची. तिने सगळ्या वर्गासमोर म्हटलं, हिचा बाप लोकांची घरं पाडतो, यांना स्वतःचं घर नसतंच, नुसता घण असतो. तू रडत आलीस. बाबांनी विचारलं कोण म्हणालं, तू नाव सांगितलंस, आणि बाबा मटकन खाली बसले. कारण त्या दिवशी ते तिचंच घर पाडून आले होते. घरमालकाने त्या मायलेकींना बाहेर काढलं होतं, बाबा नुसते मजुरीला होते. पण पोरीला काय दिसणार? घण दिसणार. मग बाबा तुला म्हणाले, आपलं घर सगळ्यांत जुनं आहे, वर गिलावा आहे म्हणून दिसत नाही. आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेले. ढिगाऱ्यातून ही खिडकी काढली, तू सुट्टीत मावशीकडे गेल्यावर बसवली. म्हणाले, निदान एवढी तरी राहू दे."

छोटी खिडकीकडे बघत राहिली. आयुष्यभर ती या खिडकीखाली झोपली होती. सकाळी तिच्या उशीवर निळा उजेड पडायचा, आणि तो खापरपणजोबांचा आहे असं ती आल्यागेल्याला सांगायची.

"ती मुलगी गेली नाही गाव सोडून," छोटी म्हणाली. "बाजाराच्या मागच्या बाजूला राहते, लेकाकडे. अजून माझ्याशी बोलत नाही. मला वाटायचं, आखडू आहे."

"बाकीच्या वस्तू मी सांगतो मॅडमना," दादा म्हणाला. "सगळ्या आठवतात मला. दार कुठलं, खांब कुठले. तू फिरून ये."

"थांब."

छोटीने दुसरा मोजा चढवला, बूट घातले, नाड्या बांधल्या, सगळं कडक शिस्तीत. बाईंनी पिशवीतून पेन काढलं आणि म्हणाल्या, "ठेवायचं. माझ्याकडून निकाल झाला. उरलेलं सभेत बघते मी, कोण आडवा येतो ते." एरवी हे वाक्य ऐकून लोक उड्या मारत. छोटीने नुसती मान हलवली. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"सभेच्या आधी तिला कळलं पाहिजे," ती म्हणाली. "मी आत्ताच जाऊन तिला घेऊन येते."

"शिव्या देईल ती तुला," दादा म्हणाला.

"देईल. तिचं घर होतं."

ती दारापर्यंत गेली आणि थबकली. सबंध शाळेला एका हाकेत रांगेत उभी करणारी ती बाई ओसरीत उभी राहून हाताचे तळवे कपड्याला पुसत होती.

"दादा, तिला सांगू काय पण? सुरुवात कशी करू?"

दादाने खुंटीवरची तिची पिशवी काढून तिच्या हातात दिली, आणि स्वतःच्या चपला पायांत सरकवल्या.

"मी सांगतो," तो म्हणाला. "तुझी खिडकी आमच्याकडे आहे म्हणावं. फुटली नाही. काचसुद्धा तीच आहे."